‘लातूर मेलंय’ म्हणणाऱ्या चाकावरच्या पाहुण्यास

रा. रा. फिरत्या घराचे मालक यांस,



पत्र टपालानं पाठवलं असतं, पण तुम्हाला पत्ता नाही. नोकरी सोडली, भाड्याचं घर सोडलं, टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत पलंग, शेगडी, शंभर लिटरची टाकी आणि टपावर सोलर बसवलं, तेव्हा तुम्ही पत्ताही सोडलात. म्हणून हे खुलं पत्र. तुमचं जेवणं-झोपणं-भांडणं सगळं कॅमेऱ्यापुढे चालतं, तर आमचं दोन ओळींचं म्हणणंही चारचौघांतच होऊ द्या.

तुमचा ‘48 तासांत मराठवाडा’ हा व्हिडिओ पाहिला. आमचे जिल्हे आठ. एकेकाच्या वाट्याला सहा तास आले, आणि त्यातच तुमची झोप, जेवण, डिझेल आणि ड्रोन उडवणं. एवढ्या वेळात आमच्याकडे सातबारासुद्धा निघत नाही. मग मागच्या आठवड्यात पुढचा भाग आला, ‘आम्ही थकलो आहोत’. चेहरा उतरलेला, वहिनींची पाठ धरलेली, मागे दोरीवर आंबूस टॉवेल. थकव्याचं कारण काय, तर मराठवाड्यात थांबावं असं काही नव्हतंच, म्हणून पळत राहावं लागलं. चोरानं पकडला गेल्यावर म्हणावं की तुमच्या तिजोरीत काही नव्हतं म्हणून मला शेजारचंही घर फोडावं लागलं, तसला हा युक्तिवाद. आरोपी तुम्ही, फिर्यादीही तुम्हीच, आणि शिक्षा लातूरला!

तर त्या 48 तासांतल्या एका दिवसाचा पंचनामा आम्हीच करतो.

सकाळी नांदेड. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला चाळीस मिनिटं. लंगरात बसायला वेळ नव्हता, म्हणून बाहेर गाडीत नूडल्स शिजवल्या, आणि वर ‘लोकल फूड मिळालं नाही’ अशी खंत. गुरु गोविंदसिंगजी मुघल बादशहा बहादूरशहाच्या लवाजम्याबरोबर दख्खनेत आले आणि 1708 साली गोदाकाठी नांदेडला थांबले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी इथेच देह ठेवला. तीनशे वर्षं उलटली तरी पंजाबातून गाड्या भरभरून माणसं येतात, ती त्या थांबण्यापायी. तुमच्या हिशेबात हे ‘स्टॉप नंबर 3’. असो.

मग लोहा ओलांडून माळेगाव. इथे तुम्ही पाऊण तास वाहतुकीत अडकलात आणि व्हिडिओत म्हणालात, ‘कुठलीतरी जत्रा आहे, धूळ फार आहे, काचा वर घेऊ या.’ दादा, ती कुठलीतरी जत्रा माळेगावच्या खंडोबाची. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार भरतो, लावणीच्या बाऱ्या लागतात, आणि वर्षभर रस्त्यावर राहणारी माणसं एकमेकांना भेटायला येतात. वैदू, घिसाडी, गोसावी, मसणजोगी अशा कितीतरी जमातींच्या जातपंचायती इथे भरत आल्या आहेत. ज्यांच्या आज्या-पणज्या पालात बाळंत झाल्या, त्या लोकांचा हा मेळा. चालतं घर कसं चालवावं, हे ज्यांना विचारायचं, ते सगळे त्या दिवशी तुमच्या खिडकीपासून दहा पावलांवर होते. तुम्ही काच वर केलीत आणि एसी वाढवलात.

उतरून एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं असतंत, ‘बाबा, एका गावात किती मुक्काम करावा?’ तर त्यानं तुम्हाला आकडा सांगितला नसता. घिसाडी म्हणाला असता, गावातल्या विळ्या-कुऱ्हाडींना धार लावून होईस्तोवर. मेंढपाळ म्हणाला असता, मेंढरं ज्या रानात बसवली त्या रानाला खत पुरेस्तोवर, आणि शेतकऱ्यानं कबूल केलेलं धान्य पदरात पडेस्तोवर. लमाण तांड्यातला माणूस बैलाकडे बोट दाखवून गप्प बसला असता.

तांड्याची गोष्ट जरा नीट ऐका, कारण पूर्ण वेळ रस्त्यावर राहण्याचा आमच्याकडचा सगळ्यात मोठा अनुभव तोच. सतराव्या शतकात तावर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला. एकेका कारवाँत दहा-बारा हजार बैल पाहिल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. पाठीवर धान्य, मीठ; बरोबर बायका, पोरं, कुत्री, सगळा संसार. दख्खनेत लढणारी लष्करं या लमाणांच्या धान्यावर जगायची. एवढा व्याप हाकणारी माणसं काय वेगानं जात असतील? बैल चरत चरत चालायचे, त्यामुळे तासाला फार तर कोसभर. वाटेत चारा बरा दिसला तर मुक्काम वाढायचा. पावसाळ्यात तर तांडा गायरान बघून बसायचाच. चिखलात बैल घालण्याइतका तांड्याचा नाईक खुळा नव्हता. त्याला ‘बर्नआउट’ कसा तो ठाऊक नसेल, पण बैल बसला की धंदा बसला, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून अख्ख्या तांड्याची चाल ठरायची ती सगळ्यात दमलेल्या बैलाच्या पायांवर आणि त्याच्या पोटावर.

तुमच्या गाडीतला दमलेला जीव कोण, हे तुम्ही सोडून तुमच्या सगळ्या प्रेक्षकांना दिसलंय. वहिनींची पाठ काही नांदेड-लातूर रस्त्यानं धरली नाही. रस्ता आता चांगला आहे, आणि अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. पाठ धरली ती रोज संध्याकाळी सामान उलगडून आणि रोज पहाटे गुंडाळून. घर हलवायचं म्हणजे गाडी चालवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. डबे बांधा, शेगडी अडकवा, टाकी भरा, घाण पाणी नेऊन ओता, सिलिंडर बघा, रात्री कुठे उभं राहायचं ते उजेडी शोधा, अनोळखी गावात दूध-भाजी कुठे मिळते ते विचारा. आणि धुतलेले कपडे वाळायला एक अख्खं ऊन लागतं. मोबाइलमधल्या नकाशातली बाई ‘दोन तास पन्नास मिनिटे’ म्हणते, तेव्हा तिनं टॉवेल धरलेला नसतो. तुमच्या व्हिडिओत रोज नवं गाव दिसलं आणि रोज तोच ओला टॉवेल दिसला.

हे काही आमच्याच भागातलं शहाणपण नव्हे. अमेरिकेत निवृत्त जोडपी मोठमोठ्या घर-गाड्या घेऊन वर्षानुवर्षं फिरतात. त्यांच्यात एक ठोकताळा आहे, तीन-तीन-तीन. दिवसाला तीनशे मैलांच्या वर जायचं नाही, दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठायचा, आणि जिथे उतराल तिथे निदान तीन रात्री काढायच्या. तिकडचे सरळसोट महामार्ग धरून हा आकडा. आपल्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, लग्नाच्या वराती आणि रस्त्यातच रवंथ करणाऱ्या म्हशी आहेत, तेव्हा मैलांच्या जागी किलोमीटर घाला आणि तेही अर्धे करा. तीन रात्री मात्र कमी करू नका. पहिला दिवस पोचण्यात जातो, दुसरा धुण्यात, आणि गाव दिसायला लागतं तिसऱ्या दिवशी.

इतिहासाची आवड तुम्ही थंबनेलमध्ये दाखवताच, म्हणून आणखी एक. उदगीरचा किल्ला तुम्ही ड्रोनवरून दीड मिनिट दाखवलात. फेब्रुवारी 1760 मध्ये तिथे सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं आणि पुढच्याच महिन्यात परतूरहून फौज उत्तरेकडे निघाली. बरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. घोडदळ कितीही चपळ असो, असल्या लवाजम्याची चाल बुणग्यांचीच असते. तो हिशेब चुकला की काय होतं, ते पानिपतावर मराठी माणसाला कळलं. तुमचं एवढं काही बिघडलेलं नाही, फक्त पाठ आणि संसार.

माळेगावहून सुटलात ते अहमदपूर, चाकूर ‘स्किप’ करून. मधे उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसल्या, तिथे मात्र आवर्जून थांबलात. चाळीस सेकंदांचा तुकडा, मागे बासरी, वर ओळ: ‘कमीत कमी वस्तूंत जगणं यांच्याकडून शिकावं.’ जळकोट, मुखेड, कंधारच्या डोंगराळ भागातली माणसं दसरा-दिवाळीनंतर ट्रकात भांडी, कोंबड्या, शेळी आणि लेकरं घालून पाच-सहा महिने तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत कारखाना सांगेल तिथे कोपी. त्यांच्या प्रवासाची गती ठरवायला त्यांना कुणी विचारत नाही. तुम्हाला ती निवड मिळाली, तर तुम्ही ती ‘फॉलोअर’ला विकून बसलात.

रस्त्यावर राहणाऱ्यांकडे बघायची आपल्या देशाची नजरही मजेची आहे. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून फिरत्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा जायला 1952 उजाडलं, संशय अजून गेलेला नाही. पाल ठोकलं की पाटील विचारायला येतो. तुमच्या पालाला चाकं आणि वायफाय आहे, म्हणून पंपावर ‘सर, इथे लावा’ म्हणतात. राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं खास धोरणसुद्धा आणलं. एवढे लाड होऊनही तुम्ही दमलात, हे पाहून माळेगावचा वैदू हसेल की रडेल, सांगता येत नाही.

आता लातूर. दुपारी दीडला तुम्ही गंजगोलाईत शिरलात. सोळा रस्ते जिथे मिळतात ती आमची गोलाई. तुम्ही दोन फेरे मारलेत आणि कॅमेऱ्यात बघून म्हणालात, ‘मित्रांनो, हे शहर मेलंय. शटर बंद, माणूस नाही.’ तीन लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला, असं खाली लिहिलंय.

अहो, त्या दिवशी येळवस होती! दर्शवेळा अमावास्या. त्या दिवशी लातुरात दुकान उघडं ठेवणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर घरात भांडून आलेला. अख्खं शहर रानात जातं. टेम्पो, दुचाकी, बैलगाडी, मिळेल त्यानं. कडब्याची खोप उभारायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग ज्वारीच्या हिरव्या रानात बसून भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली गार अंबील. भज्जी म्हणजे तुमची कांदाभजी नव्हे. ओले हरभरे, वाटाणे, तुरीचे दाणे, सापडेल ती भाजी बेसनात शिजवलेली. ती खाल्ल्यावर कुणी ‘पुढचा स्टॉप’ म्हणत नाही, तिथेच झाडाखाली आडवा होतो. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारून जेवायला बसवायचं, अशी रीत. त्या दिवशी हॉटेल शोधणं हा आमच्याकडे जवळजवळ अपमान समजला जातो.

तुम्हालाही हाक मारली होती. विसरलात? गोलाईतून औशाकडे निघालात, टाकी संपली होती, म्हणून आमच्या बोअरवर गाडी लावलीत. शंभर लिटर घेतलंत, वर गाडी धुवायला पाइप लावलात. आम्ही काही बोललो नाही, सणाचा दिवस. पण लातूरकरासमोर गाडी धुताना थोडी लाज असावी. 2016 च्या मार्चमध्ये इथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते पाणी बघायला माणसं फलाटावर उभी होती. शंभर लिटरची टाकी किती दिवस पुरवायची, हे या शहरातल्या कुठल्याही बाईला विचारा. तीच तुम्हाला न विचारता सांगेल की टाकी अर्धी झाली की पुढचा मुक्काम ठरवावा, रिकामी झाल्यावर नव्हे.

आम्ही ‘बसा, दोन घास खा’ म्हटलं. तुम्ही घड्याळ दाखवलंत. ‘टाइट आहे, रात्री तुळजापूर गाठायचंय.’ वहिनी तेवढ्यात आमच्या मावशीजवळ सतरंजीवर टेकल्या होत्या. दोन वाट्या अंबील प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘किती दिवसांनी पाठ टेकली.’ तुम्ही हॉर्न वाजवलात. एकदा नव्हे. मावशी अजून विचारते, त्या पोरीचं पुढं काय झालं?

तुमच्या त्या दिवसाच्या एकूण चित्रणात हा भाग नाही. लातूर मेलंय, तो भाग आहे.

आमची मागणी फार नाही. माफीचा व्हिडिओ नको, तोही तुम्ही गाडी चालवता चालवताच कराल. पुढच्या येळवसेला चार दिवस आधी या. तीन रात्री माळेगावात काढा, गाडी यात्रेपासून लांब लावा आणि पायी आत जा. मग आमच्या रानात या. गाडी बांधावर उभी करायला कुणाची हरकत नाही, बाभळीची सावली आहे, कपडे वाळायला दोरीही आहे. कॅमेरा आणलात तरी चालेल, फक्त गाडीची किल्ली तेवढी मावशीकडे जमा करावी लागेल. ती अमावास्या सरल्याशिवाय देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या पाठीला शेकायला मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधा, आणि त्या दिवशी गाडी हलवू नका.

आपला,
औसा रस्त्यावरचा बोअरवाला

ता. क. घाईत तुमचा निळा पाइप आमच्या बोअरवरच राहिला. पंचवीस फुटी आहे, चांगला आहे. सध्या त्यानं मेथीच्या वाफ्याला पाणी देतोय. सावकाश न्या, आम्हाला काही गडबड नाही.