अनुभवाची अट नाही

डहाणूपर्यंत धावणाऱ्या लोकलच्या डब्यांत आणि बोईसर स्थानकाच्या खांबाखांबांवर जे इश्तिहार चिकटवलेले आढळतात, त्यांचा वाङ्मयप्रकार म्हणून अद्याप कोणी यथोचित विचार केलेला नाही, ही आपल्या समीक्षेची शोचनीय उणीव होय. ‘दहावी पास-नापास, अनुभवाची अट नाही, १५ ते २५ हजार, राहण्या-जेवणाची सोय, ऑफिस वर्क’ एवढ्या मजकुरात एका ‘नाही’खेरीज क्रियापदच नसल्यामुळे कोणी कोणास काय देऊ केले, हे मामलेदारालाही सिद्ध करता येऊ नये. हुद्दा मात्र मॅनेजरचा! तारापूर एमआयडीसीतला ठेकेदार हेल्परला हेल्परच म्हणतो आणि निदान मस्टरवर त्याची हजेरी मांडतो. इश्तिहारवाल्यांची वृत्ती इतकी कोती नाही.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, घिवलीचा एखादा तरुण ही अक्षरे वाचून मुलाखतीस हजर होतो, आयकार्ड, ट्रेनिंग आणि बॅग यांपोटी अनामत भरतो, आणि ज्या नोकरीत तनखा घ्यावयाचा तिला आधी स्वतःच तनखा देऊन, पाणी गाळण्याचे यंत्र खांद्यावर घेऊन दारोदार हिंडू लागतो. छापलेला आकडा पगाराचा नसून कमिशनचा होता, आणि तोही टार्गेट पुरे झाल्यास, हा तपशील त्यास सवडीने कळतो.

कायदा या बाबतीत निद्रिस्त आहे असे मात्र कोणी म्हणू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. फक्त ती जाहिरात वस्तूची अथवा सेवेची असावी लागते, आणि नोकरी ही या दोहोंपैकी काय, हा प्रश्न नोकरी मिळेपर्यंत उमेदवारालाही सुटत नाही. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी तर विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि पूर्वसंमतीशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असेही फर्मावले आहे. म्हणजे सख्ख्या मावशीच्या ओटीवर चढण्यापूर्वी तिची रीतसर मंजुरी हवी!

आणि मावशीकडे तर जावेच लागते. १९६९ पासून तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या शेजारी राहून भव्य आश्वासनांचा ज्यांना सराव झाला आहे, ते गावकरी परक्या विक्रेत्याची उंबऱ्याबाहेरच बोळवण करतात. परंतु बहिणीचा मुलगा घामाघूम होऊन दारात उभा राहिला म्हणजे घरात हापसा असो वा नळ, यंत्र घ्यावेच लागते. कंपनीचे खरे भांडवल हा मुलाहिजाच होय. तो आटला की टार्गेट चुकते, मॅनेजरसाहेब घरी बसतात, आणि खांबावर नवा इश्तिहार लागतो.

तेव्हा शिक्षण आणि अनुभव यांची निरर्थक चौकशी सोडून अर्जात नातलगांचाच रकाना ठेवावा, अशी आमची नम्र दरखास्त आहे. ज्याची आत्या दांडीला, मावशी मुरब्याला आणि मामा सातपाटीस आहे, त्यास मुलाखतीवाचून थेट एरिया मॅनेजर नेमण्यास काय हरकत आहे?