बेचाळीस कुंड्यांचे बागायतदार

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या इमारतीच्या लिफ्टला शेणाचा वास येतो. वास एकटा येत नाही. त्याच्यासोबत एक गोणी, एक खुरपं, पोटरीपर्यंतचा चिखल आणि नाना असतात. लिफ्टमधल्या पाटीवर 'सहा व्यक्ती' एवढंच लिहिलंय, गोणीला मनाई कुठे आहे, असा नानांचा सवाल असतो. त्याला उत्तर द्यायला तोंड उघडावं लागतं आणि त्या लिफ्टमध्ये तोंड उघडायची कोणाची तयारी नसते. म्हणून गेली चार वर्षं तो प्रश्न अनुत्तरित आहे.

नाना प्रेसमधून निवृत्त झाले. आमच्या नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. बाहेरगावच्या माणसाला वर्तमानपत्र आठवतं किंवा इस्त्रीचं दुकान. आम्हाला नोटा दिसतात. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातायत आणि त्यातली तेहतीस वर्षं नाना आत होते. "जन्मभर नोटा छापल्या, आता पेरतोय," असं ते स्वतःच सांगतात. उगवल्या का, हे आपण विचारायचं नसतं.

असा एक नाना नाशिकमध्ये दर दुसऱ्या इमारतीत सापडेल. कोणी प्रेसचा, कोणी एचएएलचा, कोणी झेडपीचा, कोणी बँकेचा. गावाकडे वाटणीत आलेले दहा-बारा गुंठे, शहरात अर्धी गच्ची आणि दर महिन्याला पेन्शन, एवढं भांडवल जमलं की हा माणूस तयार होतो. नोकरीत असताना त्याने प्रत्येक साहेबाला ऐकवलेलं असतं, की मी इथे बसलोय खरा, पण जीव मातीत आहे. अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी साहेबाच्या तावडीतून सुटतो आणि मातीच्या तावडीत सापडतो. साहेबाला निदान रविवारची सुट्टी मान्य होती.

या सगळ्यात खरी गंमत काकूंची झाली आहे. काकूंचं माहेर निफाड तालुक्यातलं, घरी बारा जनावरं. लहानपणी शाळेत जायच्या आधी गोठा झाडायचा, शेण भरायचं, उरलेल्या वेळात अभ्यास. पोरीची या शेणातून सुटका व्हावी म्हणून त्यांच्या वडिलांनी मोठ्या खटपटीने प्रेसमधला जावई शोधला. त्या काळी प्रेसचा जावई म्हणजे लॉटरी. त्यानंतर बरीच वर्षं काकू शेणाशिवाय सुखाने राहिल्या. मग नाना निवृत्त झाले आणि शेण लिफ्टने चौथ्या मजल्यावर आलं.

काकूंना शेतीतलं सगळं कळतं. म्हणून त्या काही बोलत नाहीत. नानांना नुकतंच कळू लागलंय, म्हणून ते थांबत नाहीत. "वाफसा आला नाही अजून," असं ते सकाळी कुंडीत बोट खुपसून सांगतात. वाफसा म्हणजे पावसानंतर जमीन नांगरणी-पेरणीजोगी होण्याची स्थिती. ती दहा इंची कुंडीत येते की नाही, याबद्दल शेतकऱ्यांत काय मत आहे मला माहीत नाही, पण नाना तिची वाट पाहतात. कुंड्या एकूण बेचाळीस. त्यांतल्या नऊ टोमॅटोच्या, सहा मिरचीच्या, चार वांग्यांच्या, बाकीच्यांत मेथी, कोथिंबीर, गवती चहा, कढीपत्ता आणि 'प्रयोग'. प्रयोग म्हणजे ज्याचं नाव नानांनाही आठवत नाही ते.

जीवामृताचं प्रकरण दुसऱ्या वर्षीचं. पद्मश्री सुभाष पाळेकरांचं सूत्र प्रसिद्ध आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ढवळत राहायचं, अठ्ठेचाळीस तास सावलीत ठेवायचं. हे एका एकराला पुरतं. एकर म्हणजे चाळीस गुंठे; नानांच्या गच्चीवरचं लागवडीखालचं क्षेत्र मोजलं तर अर्धा गुंठा भरायचा नाही. मी भीत भीत सुचवलं, की नाना, प्रमाण कमी करून बादलीभर करा. नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "सूत्रात खाडाखोड चालत नाही," ते म्हणाले. तेहतीस वर्षं नोटा छापलेल्या माणसापुढे या वाक्यावर वाद घालता येत नाही.

दोनशे लिटरचं निळं पिंप गच्चीवर चढलं. बेसन काकूंच्या डब्यातलं गेलं, आणि दिवाळी चार दिवसांवर होती. लाडवांचं बेसन मातीत मिसळलेलं पाहून काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "आमच्या गोठ्यात शेणाला बेसन नव्हतं लागत." तिसऱ्या दिवशी पिंपावर फेस आला आणि वास जिन्याने खाली उतरू लागला. सोसायटीची तातडीची सभा भरली. इतिवृत्तात विषय असा नोंदला आहे: 'गच्चीवरील द्रव'. बेचाळीस कुंड्यांना वीस लिटरही पुरेसं झालं होतं, म्हणून उरलेल्याचं काय, हा मुख्य मुद्दा. नानांनी प्रत्येक घरटी पाच लिटर मोफत द्यायची तयारी दाखवली. ती एकमताने फेटाळली गेली. आमच्या सोसायटीत एकमताने झालेला हा पहिला आणि आजवरचा शेवटचा ठराव.

पण नानांना पाहावं ते जुलै २०२३ मध्ये. टोमॅटो किलोला शंभराच्या पार गेले होते. आमच्याकडे आमटीत चिंच, भाजीत चिंच, सॅलडमध्ये नुसती काकडी. आणि त्याच महिन्यात नानांच्या नऊ कुंड्यांत मिळून चौदा टोमॅटो पिकायला लागले. प्रेसमध्ये एक कागद कमी भरला तर हिशोब जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे, असं नाना सांगतात. ती शिस्त त्यांनी गच्चीवर आणली. वही घातली. कुंडी क्रमांक, फळ क्रमांक, रंग, शेरा. सकाळ-संध्याकाळ मोजदाद.

एका गुरुवारी सकाळी मोजदाद तेरा भरली. कुंडी सतरामधलं फळ क्रमांक तीन गायब. नानांनी आधी गच्चीचं दार लावून घेतलं. मग वॉचमनला वर बोलावलं, दुसऱ्या मजल्यावरच्या आठवीतल्या पोराला शाळेच्या बसमधून उतरवलं आणि मला चहाच्या निमित्ताने. तिघांनाही एकच प्रश्न: "काल संध्याकाळी सहानंतर कुठे होता?" मी ऑफिसात होतो हे सांगताना माझा आवाज का कापला हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खाल्ले होते आणि त्यात टोमॅटो नव्हता, याची साक्ष आमच्या घरून मागवण्यात आली. शेवटी काकूंनी पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकीवर अर्धा खाल्लेला टोमॅटो होता आणि शेजारी एक बुलबुल उरलेला अर्धा कसा संपवावा याच्या विचारात बसला होता.

नानांनी वहीत लिहिलं: 'बुलबुल – १'. तेव्हापासून वहीत पक्ष्यांचा वेगळा रकाना आहे. जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं, लोक दुर्बिणी घेऊन पहाटे तिथे जातात. नाना जात नाहीत. त्यांच्या मते त्यातले निम्मे पक्षी जेवायला इकडे येतात.

त्याच जुलैचा भाव पाहून नानांच्या पुतण्याने गावाकडे टोमॅटो लावला. तालुक्यातल्या अर्ध्या लोकांनी लावला. सप्टेंबर उजाडेपर्यंत भाव असा कोसळला, की लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. पुतण्याने जाळ्या भरून टेम्पो नेला आणि टेम्पोचं भाडं खिशातून देऊन परत आला. त्या संध्याकाळी नाना वर गच्चीवर होते. कुंड्या लाल झाल्या होत्या, आता बुलबुलही फिरकत नव्हते. वही उघडून बसले, पण 'उत्पन्न' या रकान्यात त्यांनी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या दारात टोमॅटोची एकेक पिशवी होती. त्यांतले काही पुतण्याचे होते.

वाटणीचे अकरा गुंठे चांदोरीच्या पुढे आहेत. एरवी पुतण्याच कसतो, पण दर रविवारी नाना 'मदतीला' जातात. ही मदत पुतण्याला किती पडते ते त्याला विचारा. खुरपणीला बसलेल्या बायांना नाना पाठ ताठ ठेवायचं शास्त्र समजावतात, तेवढा वेळ खुरपणी थांबते. मजुरी थांबत नाही.

यंदाच्या जानेवारीत त्या अकरा गुंठ्यांत उन्हाळ कांदा लावला होता. पाण्याची पाळी आली, आणि त्या आठवड्यात लाइट रात्रीची. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की मध्यरात्री उठून पाणी भरायला जावं लागतं. थंडी कुठे किती हे नाशिकच्या माणसाला कोणी सांगायला लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते रोज पेपरात येतं, आणि तो आकडा वाचूनच आम्ही इकडे दुसरं पांघरूण काढतो. त्यात निफाडकडे बिबट्याची भीती. पुतण्या तापाने फणफणला होता. नाना म्हणाले, "मी आहे ना."

रात्री बारा वाजता नाना कानटोपी, दोन स्वेटर, मफलर, बॅटरी आणि मोबाइल घेऊन वावरात उतरले. बिबट्याने दूर राहावं म्हणून मोबाइलवर मोठ्याने भजनं लावली. काम तसं अवघड नाही. वाफा भरला की त्याचं दारं बुजवायचं आणि पुढच्याचं मोडायचं. पण वाफा भरायला वेळ लागतो आणि भजनाने डोळा लागतो. नाना बांधावर बसले ते पहाटेच उठले. पाणी पहिला वाफा भरून, बांध ओलांडून, शेजाऱ्याच्या गव्हात रात्रभर जात राहिलं. अकरा गुंठे कोरडे आणि शेजाऱ्याचा गहू तुडुंब.

सकाळी शेजारी आला. नाना माफी मागायची तयारी करत होते. शेजाऱ्याने गव्हाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि हात जोडले. "नाना, आमचीबी पाळी आजच होती. पुढच्या पाळीला येणार ना?"

ही गोष्ट नानांनी आम्हाला सांगितली नाही. काकूंनी सांगितली. नानांनी फक्त थंडीची सांगितली, आणि त्यात पारा कुंदेवाडीपेक्षा दोन अंशांनी खाली होता. त्याच थंडीत त्यांनी गच्चीवरच्या रोपांना काकूंच्या जुन्या साड्या पांघरल्या. पहाटे फिरायला निघालेल्या लोकांना वर बेचाळीस बायका उकिडव्या बसल्यात असं वाटे. येवल्याची पैठणी तेवढी वाचली, कारण कपाट उघडलं तेव्हा काकू जाग्या होत्या.

द्राक्षाबद्दल थोडक्यात. नाशिकमध्ये राहून वेल लावला नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून नानांनी पुतण्याकडून डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेलं थॉमसन आणलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, दोन्ही मुहूर्त पाहून. भुरी आली, डावणी आली, पिठ्या ढेकूण आला. नाना म्हणतात, रोग येतात याचा अर्थ वेल अस्सल आहे. चौथ्या वर्षी एक घड लागला. चौदा मणी. त्यातले दोन नानांनी निर्यातीच्या दर्जाचे ठरवले आणि मुलाला अमेरिकेत फोटो पाठवला. उरलेल्या बाराचा रकाना बुलबुलाचा.

नानांच्या हिशोबाच्या वहीवरून मी एकदा गुणाकार करून पाहिला. गोणी, कोकोपीट, निंबोळी पेंड, ड्रिपच्या नळ्या, पिंप, चांदोरीचं पेट्रोल, हे सगळं मेथीच्या जुड्यांवर वाटलं तर एक जुडी एकशे अठरा रुपयांना पडते. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात ती दहाला मिळते. मी हे सांगितलं तेव्हा नाना खूश झाले. "बघ," म्हणाले, "शेतकऱ्याला उत्पादनखर्चाएवढाही भाव मिळत नाही." या वाक्यासाठीच नानांनी चार वर्षं शेण वाहिलं असावं, असा मला संशय आहे. प्रेसमध्ये असताना ते फक्त पगाराबद्दल कुरकुरू शकत होते. आता पाऊस, ऊन, थंडी, लाइट, भाव, बियाणं, पक्षी आणि सरकार अशा आठ गोष्टींवर त्यांचा हक्क आहे. शिवाय सातबाऱ्यावर नाव आहे.

सध्या दोडका चालू आहे. वेल गच्चीच्या कठड्यावरून आमच्या खिडकीपर्यंत उतरलाय आणि रोज चार लागतात. दोडक्याचा स्वभाव असा, की नसतो तेव्हा नसतो आणि आला की सगळ्यांकडे एकदम येतो. बाजारातही स्वस्तच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बेल वाजली की घरात नसल्यासारखं राहायला सुरुवात केलीय. वॉचमन रजेवर गेला. काकूंनी भाजी केली, डाळ घालून केली, भरली, शिरांची चटणी केली, आणि काल पहिल्यांदा नानांना म्हणाल्या, की वेलाला आता पाणी कमी द्या.

नानांनी कुंडीत बोट घातलं आणि वाफसा बघितला.

तेव्हा कोणाला दोडके हवे असतील तर जेल रोडला आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर या. पिशवी आणायची गरज नाही, नाना देतात. लिफ्ट मात्र रविवारी टाळा.