फ्रेशर हवा, पण अनुभवी! गुंजीहून मनुष्यबळ विभागास खुले पत्र

प्रति,
माननीय मनुष्यबळ विभागप्रमुख,
कोणतीही नामांकित सॉफ्टवेअर कंपनी,
इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू.
प्रत माहितीसाठी: हिंजवडी, पुणे.

विषय: 'शिक्षण' आणि 'अनुभव' या दोन रकान्यांत न मावणाऱ्या उमेदवाराबाबत.

महोदय,

फ्रेशर भरतीच्या जाहिरातीत किमान दोन वर्षांच्या अनुभवाची अट घातल्याबद्दल खानापूर तालुक्याच्या वतीने आपले मनःपूर्वक अभिनंदन. पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरू नये, ही शिस्त इकडच्या मुलांना आजवर कुणी लावलीच नव्हती. उमेदवाराने जाहिरात पुन्हा पुन्हा वाचली, आपलेच इंग्रजी कच्चे असावे अशी समजूत करून घेतली आणि 'अनुभव' या रकान्यात प्रामाणिकपणे 'लागू नाही' असे लिहिले. आपल्या संगणकाने अर्ज तत्काळ फेटाळला. रकान्यात न मावलेला मजकूर आपल्या कानावर घालावा, यासाठी हा पत्रप्रपंच.

उमेदवार म्हणजे कुणी एक असामी नव्हे. गुंजी, लोंढा, नंदगड, जांबोटी, यांतल्या कुठल्याही गावात तो सापडतो. गुंजी कुठे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मिरज-लोंढा रेल्वेमार्गावर खानापूर आणि लोंढा या दोन स्थानकांच्या मध्ये हे माउली देवीचे गाव आहे. सह्याद्रीचा पाऊस, भोवताली जंगल आणि हेस्कॉमची वीज, म्हणजे पावसाळ्यात यातली पहिली गोष्ट भरपूर आणि तिसरी जपून. बेंगळुरूहून बेळगावमार्गे जाणारी चन्नम्मा एक्स्प्रेस याच रुळांवरून जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवलेली वंदे भारतही याच वाटेने धावते. उमेदवाराने तिचा वेग जवळून पाहिलेला आहे.

आता शिक्षण. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यातच कन्नड आणि इंग्रजी. पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला, खानापूर किंवा बेळगाव, आणि तिथे पहिल्याच तासापासून सगळे भौतिक, रसायन, गणित इंग्रजीत. उमेदवार घरी मराठी बोलतो, बसच्या कंडक्टरशी कन्नड, रामनगरकडच्या पाहुण्यांशी कोकणी आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याशी हिंदी. चार भाषांत व्यवहार करणारा हा मुलगा आपल्याकडच्या मुलाखतीत 'कम्युनिकेशन स्किल कमी' या शेऱ्यासह बाहेर पडतो. अर्जातल्या 'भाषा' या रकान्यात आपल्याला फक्त जावा आणि पायथन अपेक्षित होत्या, हे त्याच्या उशिरा ध्यानात आले.

प्रवेशाच्या वेळी तर दोन राज्यांनी त्याच्यावर माया केली. कर्नाटकच्या सीईटीत ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी १५ टक्के आणि कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा असतात. पहिल्या कोट्यात तो बसला, दुसऱ्यात बसला नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी 'टाइप ई' नावाचा वेगळा वर्ग आहे. म्हणजे एका राज्यात तो ग्रामीण आणि दुसऱ्यात वादग्रस्त. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सुरू असलेला हा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. उमेदवार तेव्हा अंगणवाडीच्या वयाचा. खटल्याच्या निकालाआधी त्याची पदवी पूर्ण झाली.

ही पदवी बेळगावचीच. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि केएलईचे अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्ही १९७९ सालची. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली आणि १९८३ मध्ये ती बेंगळुरूला गेली, म्हणजे वयाने बेळगावची कॉलेजेच वडीलधारी. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालयही बेळगावातच आले. आज बेंगळुरूतल्या कितीतरी कॉलेजांच्या पदवीपत्रांवर बेळगावच्या विद्यापीठाची मोहर असते. कागद बेळगावहून बेंगळुरूला जातात, त्यांच्या पाठोपाठ मुलेही जातात. उलट्या दिशेने मात्र सॉफ्टवेअरचे काम फारसे येत नाही. उद्यमबागेत ओतकाम आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, हत्तरगीत विमानांचे भाग घडतात. विमानाचा भाग बनवणे ज्या जिल्ह्याला जमते, त्याला मोबाइल अ‍ॅप बनवणे जमणार नाही, हा निष्कर्ष आपल्याच विभागाचा असावा.

विद्यापीठानेही उमेदवाराला घडवण्यात कसूर केली नाही. अभ्यासक्रमात कन्नडचा एक पेपर असतो. कन्नड येणाऱ्यांना 'सांस्कृतिक' आणि न येणाऱ्यांना 'बळके'. खानापूरच्या मुलाने यातला नेमका कुठला घ्यावा, यावर वर्गात बराच खल होतो. त्याखेरीज पदवीसाठी एआयसीटीईचे १०० अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट लागतात. ग्रामीण लोकांची कौशल्ये वाढवणे, पाण्याचे नियोजन, पर्यटनाला चालना अशी कामे त्यात मोजली जातात. गावात जाऊन गावाचे प्रश्न समजून घेतल्याचे गुण मिळतात, गावातच जन्मून ते प्रश्न वीस वर्षे भोगल्याचे मिळत नाहीत. शिवाय इंटर्नशिप सक्तीची. ती कुठे मिळेल, ते विद्यापीठ सांगत नाही. परिणामी काही ठिकाणी इंटर्नच पैसे भरतो आणि कंपनी प्रमाणपत्र छापते. हा व्यवहार अनुभवात धरायचा की शिक्षणात, याचा खुलासा व्हावा.

मग बेंगळुरू. बीटीएम लेआउट किंवा मारथहळ्ळीत पीजी, एका खोलीत तिघे-चौघे, आणि खाली तळमजल्यावर 'जावा फुल स्टॅक, प्लेसमेंटची शंभर टक्के हमी' असा फलक. चार वर्षे बीई करून जे आले नाही, ते चार महिन्यांत येते, अशी त्या भागाची श्रद्धा आहे आणि तिची फी आगाऊ भरावी लागते. ऑफ कॅम्पस, पूल कॅम्पस, वॉक इन. सकाळी लवकर पोहोचावे तर रांग आधीच कंपाउंडला वळसा घालून गेलेली असते.

समजा, निवड झाली. पुढचे अनुभव मात्र कुठल्याही अभ्यासक्रमात नाहीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांचे पत्र दिलेल्या फ्रेशरना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले. त्याच्याच आदल्या महिन्यात अंतर्गत चाचण्यांतल्या कामगिरीचे कारण देऊन ४५२ फ्रेशरना घरी पाठवले होते. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांना रुजू होण्याची तारीख २०२४ च्या उत्तरार्धापर्यंत मिळाली नव्हती. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने ते प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेले, तेव्हा कुठे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दारे उघडली. ही दोन वर्षे उमेदवाराने हातात पत्र घेऊन काढली. शेजारी विचारत, नोकरी लागली का? लागली. मग जात का नाहीस? हा संवाद त्याच्या कम्युनिकेशन स्किलमध्ये धरावा.

या काळात कर्नाटक सरकार मदतीला आले नाही, असे कुणी म्हणू नये. जानेवारी २०२४ मध्ये युवानिधी योजना सुरू झाली. पदवीनंतर १८० दिवस नोकरी न मिळालेल्यास दरमहा ३००० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे. लाभ मात्र २०२२-२३ मध्ये आणि त्यानंतर उत्तीर्ण झालेल्यांना. त्याच्या आदल्या वर्षीच पास होण्याचा आगाऊपणा ज्यांनी केला, त्यांना तो भोवला.

अखेर इन्फोसिसचा म्हैसूरचा भव्य कॅम्पस. तळी, झाडे, वसतिगृह, आणि वर्गात रोज तासन्‌तास कोड. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथूनच ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना निरोप मिळाला. त्यांतले अनेक जण दोन वर्षे वाट पाहून आलेले होते. प्रत्येकाला परीक्षेच्या तीन संधी दिल्या होत्या, असे कंपनीने सांगितले, आणि ते इथे नोंदवणे न्याय्य आहे. नापास कोण झाले, याबद्दल तक्रार नाही. बारीकशी शंका एवढीच: दोन वर्षे रिकामे बसवलेल्या मुलाचा हात सुटला असेल, तर त्या दोन वर्षांचे गुण कोणाच्या प्रगतिपुस्तकात मांडायचे?

पगाराचा विषय काढणे शिष्टाचाराला धरून नाही, तरीही. वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासची सुरुवात ही आपल्या क्षेत्राची एवढी जुनी परंपरा आहे की इन्फोसिसमध्ये वित्त आणि मनुष्यबळ सांभाळलेले मोहनदास पै यांनीच तिच्यावर जाहीर टीका केली. या काळात बीटीएममधल्या पीजीचे भाडे, खानावळीचा डबा आणि बसचे तिकीट यांनी परंपरा पाळली नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉग्निझंटचा २ लाख ५२ हजारांचा आकडा बाहेर आला आणि देशभर हसे झाले. तो अभियंत्यांसाठी नव्हे, तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी आहे, असे कंपनीने स्पष्ट केले. महिन्याला २१ हजारांत बेंगळुरूत राहण्याचे कौशल्य कुठल्या शाखेत शिकवतात, ते स्पष्ट केले नाही.

वेळेच्या बाबतीतही उमेदवार आपल्या सेवेत तत्पर आहे. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांकडे आठवड्याचे ७० तास मागितले, लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी पुढे ९० तासांपर्यंत मजल नेली. दुसरीकडे टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात किमान २२५ दिवस बिल होणारे काम हवे आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांहून अधिक बसता येणार नाही, असा नियम केला. प्रोजेक्ट वाटणारे वरचे आणि बेंचवर बसल्याचा दोष खालच्याचा, अशी ही सुटसुटीत विभागणी. नोकरी सोडायची तर त्याने ९० दिवसांची नोटीस द्यावी, ही अट आपल्या क्षेत्रात सर्रास आहे. त्याला काढायचे असेल तर काही वेळा संध्याकाळपर्यंतची मुदत पुरते.

अनुभवाचा एवढा आग्रह असेल, तर थोडे आपल्या पूर्वजांकडे पाहावे. विप्रो १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला सुरू झाली, वनस्पती तूप बनवण्यासाठी. १९६६ मध्ये वडील वारले आणि स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट टाकून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार पाहायला परतले. शिक्षण: अपूर्ण. अनुभव: लागू नाही. आजच्या आपल्या संगणकाने तो अर्ज पहिल्या चाळणीतच फेटाळला असता. संगणक क्षेत्रात उतरलेली कंपनी तेव्हा तूप आणि साबण यांतली अनुभवी होती. शिकता येईल, असे कुणाला तरी वाटले, म्हणून पुढचे सगळे झाले.

स्थानिकांना नोकऱ्यांचा मुद्दाही येथे नमूद करणे भाग आहे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना देणारे विधेयक मंजूर केले आणि उद्योगांचा ओरडा होताच दोन दिवसांत बाजूला ठेवले. त्यातल्या व्याख्येनुसार कर्नाटकात जन्मलेला, पंधरा वर्षे राहिलेला आणि दहावीला कन्नड घेतलेला उमेदवार स्थानिक ठरला असता. म्हणजे गुंजीचा मराठी मुलगा बेंगळुरूत पक्का स्थानिक. प्रत्यक्षात मात्र पुण्यात तो 'तिकडचा', बेंगळुरूत 'बेळगावकडचा'. त्याला दोन्हीकडे काम चालेल, हे आपल्या माहितीसाठी.

सबब, पुढील विनंत्या.

निवडपत्रावर रुजू होण्याची तारीख छापावी आणि ती पुढे ढकलली, तर त्या दिवसापासून काही मानधन सुरू करावे. पत्रात लिहिलेला पगार रुजू होईपर्यंत तोच राहावा. नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी असावी. प्रशिक्षणातून काढल्यास किमान तेवढ्याच मुदतीचा पगार द्यावा. पैसे घेऊन वाटलेली इंटर्नशिपची प्रमाणपत्रे आपणच नाकारावीत, म्हणजे तो बाजार आपोआप बसेल. कर्नाटक सरकारच्या 'बियाँड बेंगळुरू' कार्यक्रमात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक समूह ठरवलेला आहे. त्यातल्या बेळगावात आपण एक कार्यालय उघडावे, आणि ते जमेपर्यंत निदान भरतीची एक फेरी तरी तिथे घ्यावी, म्हणजे अर्ध्या तासाच्या मुलाखतीसाठी उमेदवाराला रात्रभर गाडीत बसावे लागणार नाही. आणि फ्रेशरच्या जाहिरातीतली अनुभवाची ओळ खोडावी. त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही.

यांपैकी एकही मागणी मान्य करणे शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे, आणि त्या पत्रावर मात्र तारीख घालावी.

कळावे,

आपला नम्र,
'लागू नाही' या रकान्यातला उमेदवार,
मु. पो. गुंजी, ता. खानापूर, जि. बेळगाव.