केळीच्या नळीला मार्क, घरच्या नळीला काय?

भडगावचा केळीवाला शेतकरी ठिबकचा माल घेताना दुकानदाराला सहजी सोडत नाही. लॅटरल हातात घेतो, दाबून बघतो, तिच्यावरचा छाप वाचतो, आयएसआय मार्क आणि आयएस १२७८६ हा क्रमांक शोधतो. मार्क नसेल तर अनुदानाची फाइल पुढे सरकत नाही, हे त्याला पाठ आहे. हाच माणूस घरी आरओ बसवायला आलेल्या पोराला एका शब्दाने विचारत नाही की मशीनला जोडतोस ती पांढरी नळी कुठली, कशाची. केळीला पाणी कशातून जातं, याची चौकशी होते. नात पाणी पिते ते कशातून येतं, याची होत नाही.

याचा मला राग येतो. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात हे चालून गेलं असतं. जळगाव जिल्ह्यात नाही. इथे १९८० पासून जैन उद्योगाने पीव्हीसी पाइप काढले, पुढे ठिबक आणलं. पाइपचा व्यास, जाडी, दाब यांवर आपल्याकडे चहाच्या टपरीवर वाद होतात. एवढं ज्ञान घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत येण्याचं कारण काय?

कारण एकच दिसतं. शेतातल्या नळीमागे सरकारी कागद आहे. ओट्याखालच्या नळीचा कागद कोणी मागत नाही. म्हणून आरओवाला जे जोडेल ते चालतं आणि कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "काही व्हत नही, ताई, सगळीकडे हेच लावतस."

होतं. काय होतं ते ऐका.

दुकानात काचेसारखी पारदर्शक, मऊ नळी मिळते. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तीच. ती पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ करायला त्यात तेलासारखी रसायनं मिसळतात, थॅलेट त्यांतलंच. ही रसायनं प्लॅस्टिकला पक्की बांधलेली नसतात, हळूहळू बाहेर येतात. नव्या नळीचा तो उग्र वास आठवा. डीईएचपी नावाच्या थॅलेटवर युरोपने २००५ मध्ये लहान मुलांच्या खेळण्यांत कायमची बंदी घातली. तिथे मूल ते खेळणं चघळेल म्हणून धास्ती होती. आपण त्याच जातीच्या नळीतून पाणी आणून मुलाला रोज पाजायचं?

शिवाय पारदर्शक नळीत उजेड शिरतो आणि उजेडात शेवाळ धरतं. आरओची नळी अपारदर्शक असते, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा प्रकार खास आपल्याकडचा. शेतात मायक्रोट्यूब उरलेली असते, तीच घरच्या फिल्टरला लावायची. काटकसर म्हणून हे पटतं, म्हणूनच जास्त घातक. शेतातल्या नळीतून नुसतं पाणी जात नाही. खत ओढणाऱ्या व्हेंच्युरीतून युरिया जातो, १९:१९:१९ खत जातं, चोक काढायला आम्ल सोडतात. वापरलेली नळी घरात आणूच नये, कितीही धुतली तरी. आणि कोरी असली तरी तिच्यावरचा मार्क सिंचनाचा आहे, पिण्याच्या पाण्याची ती परीक्षाच नाही. मापातही मेळ नाही. मायक्रोट्यूब ६ मिलिमीटरची, आरओची पाव इंची नळी ६.३५ मिलिमीटरची. ढकलून बसवायच्या कनेक्टरमधली रबरी रिंग नळीला बाहेरून घट्ट धरते, तिला एवढा फरक चालत नाही. आज थेंब, उद्या ओट्याखाली तळं.

मग घ्यायचं काय? पॉलिथिनची, एलएलडीपीई जातीची, पाव इंची नळी. आरओसाठी सगळीकडे हीच चालते, आणि ती महाग नाही. मीटरभर नळी दोन-तीन चहांच्या पैशात येते. तिच्यावर छापलेलं वाचा. पिण्याच्या पाण्याला आणि अन्नाला लागणाऱ्या पॉलिथिनसाठी भारतीय मानक आहे, आयएस १०१४६. पीव्हीसीसाठी तसंच आयएस १०१५१. परदेशी मालावर एनएसएफ ५१ किंवा ६१ असतं. कंपनीचं नाव नाही, क्रमांक नाही, नुसतं ठळक अक्षरांत 'फूड ग्रेड' असेल तर ती नळी परत करा. कोणीही कशावरही छापू शकतो असे ते दोन शब्द आहेत.

पैसे कमी असतील तर कुठे आधी घालायचे, हेही सांगतो. मशीनमध्ये येणारं पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या बारीक पडद्यातून जातं. तिच्याआधीच्या नळीतून काही उतरलं तर बरंचसं अडवायला मेम्ब्रेन आहे. तिच्यापुढे पहारेकरी नाही, फार तर एखादा छोटा कार्बन फिल्टर. शिवाय मेम्ब्रेनच्या आधीच्या कार्बन फिल्टरने क्लोरीन आधीच काढून टाकलेलं असतं, त्यामुळे पुढच्या नळीत जंतूंना अटकाव करणारं काही उरत नाही. म्हणजे मेम्ब्रेन ते टाकी आणि टाकी ते तोटी, हा शेवटचा तुकडा सगळ्यात चोख हवा. तो फार तर मीटरभराचा. तिथे घासाघीस करणाऱ्याची मला कीव येते. याच तुकड्यात तांब्या-पितळेची जोडणीही नको. आरओच्या पाण्यात क्षार कमी, ते धातूला खातं. आणि फेकायच्या पाण्याची नळी? मापात बसणारी कसलीही चालेल.

भिंतीतल्या पाइपचंही एक सांगायला हवं. कडक पीव्हीसी टिकावं म्हणून त्यात शिशाची संयुगं घालण्याची जुनी रीत होती. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्यावर नियम काढले ते २०२१ मध्ये. त्याआधी बांधलेल्या घरांत कोणता पाइप गेलाय, हे मालकालाही ठाऊक नसतं. रात्रभर पाइपात साचलेलं पहिलं पाणी सकाळी सोडून द्या, भांडी-धुण्याला वापरा. नवं बांधकाम असेल तर पाइपवर आयएस ४९८५ बघा, गरम पाण्याला चालणारा सीपीव्हीसी असेल तर आयएस १५७७८.

आता उन्हाळा. खान्देशात पारा ४५ ला टेकतो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हाताला चटका देतं. घरगुती मेम्ब्रेनची सहनशक्ती साधारण ४५ अंशांपर्यंतच. पाणी तापलं की नळीचीही दाब सोसण्याची ताकद घटते, आणि बूस्टर पंपाचा दाब मात्र तोच राहतो. मे महिन्यात दुपारी नळी सुटली की लोक कनेक्टरला शिव्या देतात. टाकीवर सावली करा, मशीन सकाळी चालवा. नळी कात्रीने तिरपी कापली असेल तर कटरने सरळ कापून पुन्हा बसवून घ्या.

आणि मुळात आरओ लागतो का, तेही बघा. गिरणा नदीचं शुद्ध करून आलेलं पाणी आणि बोअरचं खारं पाणी एक नव्हे. आयएस १०५०० प्रमाणे ५०० टीडीएसपर्यंतचं पाणी क्षारांच्या बाबतीत चांगलं. तेवढ्यात असेल तर बहुधा यूव्ही पुरतं, उकळूनही भागतं. टीडीएसचं मीटर आरओवाल्याच्या खिशातच असतं. विकायच्या आधी ते लावायला सांगा, विकल्यानंतर नव्हे. यूव्ही घेतला तरी नळी लागतेच, तिला नियम हेच.

नवी नळी बसली की पहिली टाकीभर पाणी सोडून द्या. फिल्टर बदलायला माणूस येईल तेव्हा नळी काढून आत बोट फिरवा. बुळबुळीत लागली, पिवळी पडली, वाकवताना चरचरली तर त्याच वेळी बदलून घ्या.

बिलावर आरओवाला 'किट' एवढंच लिहितो. तसं घेऊ नका. नळीची कंपनी, माप आणि मानकाचा क्रमांक त्याच बिलावर त्याच्याच हाताने लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर काढलेली नळी त्याच्या हातात द्या आणि पैसे तुमच्या खिशात ठेवा. भडगावातल्या दहा घरांनी हे केलं, तर अकराव्या घरी तो क्रमांक छापलेली नळी घेऊनच येईल.