श्री. परतावा दर यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. परतावा दर (वित्तीय),
भारतीय रेल्वे

विषय: मौजे कडा, ता. आष्टी, जि. बीड येथील फलाट, तसेच कातळावर चढणाऱ्या मंडळींचा दोर, यांचा हिशेब एकत्र तपासणेबाबत.

महोदय,

अहमदनगर–बीड–परळी वैजनाथ हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995-96 च्या सुमारास मंजूर झाला. त्या वेळचा अंदाजित खर्च 353 कोटी रुपये होता. कालांतराने तो 2,826 कोटींवर आणि पुढे 4,805 कोटींवर गेला. यातला निम्मा वाटा महाराष्ट्र शासनाचा. नगरपासून न्यू आष्टीपर्यंतचा पहिला 66 किलोमीटरचा टप्पा 23 सप्टेंबर 2022 रोजी प्रवाशांसाठी खुला झाला आणि कडा गावाला रेल्वे मिळाली. नगरला ती दौंड–मनमाड मार्गामुळे 1878 साली मिळाली होती. कडा तिथून साठ किलोमीटरांच्याही आत आहे. तेवढे अंतर कापायला रेल्वेला 144 वर्षे लागली, ही बाब गाडीच्या वेगाविषयी कसलीही तक्रार नसून केवळ नोंदीसाठी लिहिली आहे.

प्रस्तुत पत्र ज्यांना उद्देशून आहे त्यांचा परिचय सर्वसामान्य प्रवाशाला नसतो. परतावा दर हे रेल्वे खात्यातले जुने आणि वजनदार गृहस्थ. नवा मार्ग टाकायचा प्रस्ताव आला, की त्यावर खर्च होणाऱ्या पैशातून वर्षाला किती टक्के उत्पन्न निघेल, हे ते सांगतात. पास होण्यासाठी बराच काळ 14 टक्के लागत, पुढे ही अट 10 वर आली. बीडसारख्या जिल्ह्यातला मार्ग या परीक्षेला बसला की नापास ठरलेलाच, कारण जिथे कारखाने नाहीत तिथे मालगाडी नाही आणि जिथे मालगाडी नाही तिथे टक्के नाहीत. मग अशा मार्गाच्या कपाळी ‘सामाजिकदृष्ट्या आवश्यक’ असा शिक्का बसतो. शाळेत ‘वरच्या वर्गात ढकलला’ असा शेरा मिळालेल्या पोराकडे गुरुजी ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने पुढची पंचवीस-तीस वर्षे त्या मार्गाकडे पाहिले जाते. पैसा मिळतो, पण थोडा थोडा. जमीन ताब्यात मिळत नाही असे रेल्वेने सांगायचे, निधी येत नाही असे राज्याने सांगायचे, राज्याचा हप्ता आला नाही असे पुन्हा रेल्वेने सांगायचे. दरम्यान सिमेंट, पोलाद आणि जमीन यांचे भाव कोणाच्याही शिक्क्याची वाट पाहत नाहीत. 353 चे 4,805 झाले यातला फार मोठा भाग या वाट पाहण्याचा आहे. परतावा दरांच्या तक्त्यात उशिराच्या किमतीसाठी रकाना नसल्याने तो खर्च मार्गाच्याच नावावर पडतो, आणि मार्ग आणखी नापास होतो.

नापास मार्गावर गाडी कशी चालवली जाते, याचे उत्तम उदाहरण आष्टी डेमूचे सुरुवातीचे वेळापत्रक आहे. गाडी नगरहून सकाळी 7.45 ला निघे आणि 10.30 ला न्यू आष्टीला पोचे. तिथून 11 वाजता सुटून दुपारी 1.55 ला नगरला येई. रविवारी सुट्टी. आता कड्याचा एखादा माणूस घ्यावा. त्याला नगरच्या दवाखान्यात आईला दाखवायचे आहे. गाडीने गेल्यास तो दोनच्या सुमारास नगरला उतरणार, म्हणजे बहुतेक डॉक्टर जेवायला उठलेले. संध्याकाळी परत यायला गाडी नाही. ती उद्या सकाळी पावणेआठला. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे पहिले सगळे तास गाडीत बुडणार. नगरहून कड्याला नोकरीसाठी येणाऱ्याची सकाळ मात्र बरोबर जमते; त्याने फक्त संध्याकाळी घरी जायची इच्छा धरू नये. एसटी त्याच अंतराला याहून कमी वेळ घेते आणि दिवसभर मिळते, त्यामुळे लोक एसटीने गेले. डबे रिकामे धावले. रिकाम्या डब्यांचा आकडा महोदयांकडे गेला आणि त्यांचा अंदाज बरोबर होता हे सिद्ध झाले. स्वतःचे भाकीत स्वतःच खरे करून दाखवण्याची ही सोय पंचांग लिहिणाऱ्यांनाही उपलब्ध नाही.

16 ऑक्टोबर 2023 रोजी याच डेमूला नारायणडोह आणि नगर यांच्या दरम्यान आग लागली आणि पाच डबे जळाले. कोणाचा जीव गेला नाही. डब्यांत माणसे कमी होती, हा कमी परताव्याचा एकमेव नोंदलेला फायदा.

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून पहिली गाडी सुटली. बीड ते अहिल्यानगर (म्हणजे नगर) सुमारे 166 किलोमीटर, वेळ साधारण साडेपाच तास. रस्ता यापेक्षा जवळचा आहे. रेल्वेला बालाघाटच्या उतारांवरून वळसे घेत जावे लागते, कारण लोखंडी चाकाला चढ सोसत नाही. भोर घाटात 1863 साली 37 फुटांना एक फूट असा चढ ठेवला, तर आजही तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते.

चढाचा विषय निघाला म्हणून दुसऱ्या हिशेबाकडे वळणे सोयीचे ठरेल. गावाच्या नावावरून गैरसमज नको. कड्याला चढण्याजोगा उभा कातळ नाही. तो आहे नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, जिथे 1,646 मीटरचे कळसूबाई शिखर आणि हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा आहे. सह्याद्रीतला कातळ बेसाल्टचा. त्यात खाचा कमी, सुटे दगड आणि गवताचे पट्टे पुष्कळ, आणि पावसाळ्यानंतर जागोजागी माती धरलेली. अशा कातळावर एकट्याने चढणे हा धाडसापेक्षा मूर्खपणाचा प्रकार मानला जातो. चढाई जोडीने होते. पुढचा गडी, म्हणजे लीड, दोराचे टोक कमरेला बांधून वर जातो. जिथे खाच मिळेल तिथे पिटॉनचा खिळा ठोकतो, जिथे मिळत नाही तिथे हातोड्याने छिद्र पाडून बोल्ट मारतो, त्यात कॅराबिनरची कडी अडकवून दोर ओवतो आणि पुढे सरकतो. खालचा गडी बिले देतो. दोर त्याच्या हातातून जातो. वरून ‘ढील दे’ असा आवाज आला की तो हातभर सोडतो, ‘टाइट’ आला की ओढून धरतो. बाकीचा वेळ तो मान वर करून उभा असतो. एक बोल्ट मारायला तास लागला तर तास. ऊन डोक्यावर येते, वरून खडे पडतात, मान दुखते, आणि फोटोत तो कुठेच नसतो.

या खालच्या माणसाचा परतावा दर काढून पाहावा, अशी महोदयांना नम्र विनंती आहे. लीड पडला नाही, तर बिले देणाऱ्याचा अख्खा दिवस वाया गेला असेच हिशेबात निघेल. दोराचेही तेच. दोर महाग असतो, संस्थेने वर्गणी काढून घेतलेला असतो, आणि चांगल्या मोहिमेत त्यावर एकदाही झटका येत नाही. तीन-चार मोहिमा अशा गेल्या तर लेखापरीक्षकाने ‘वापर शून्य, वस्तू निकामी काढावी’ असा शेरा मारायला हरकत नाही. गिर्यारोहकांच्या मंडळांत हा शेरा कोणी मारत नाही. तिथे दोर सर्वांचा, हातोडा सर्वांचा, आणि आज लीड करणारा उद्या निमूटपणे खाली उभा राहतो. दुसऱ्या मंडळाने मारलेल्या बोल्टवर तिसऱ्या मंडळाची पोरे लटकतात आणि कोणी टोल मागत नाही. उलट, जुने गंजलेले बोल्ट काढून नवे मारायचे काम काही मंडळी पदरमोड करून करतात, त्या वाटेने स्वतः पुन्हा जाणार नसली तरी.

हा दोस्ताना फुकट उगवलेला नाही. त्याला खतपाणी घातले स्वस्त तिकिटाने. मुंबईची गिरिविहार ही संस्था 1954 ची, पुण्याची गिरिप्रेमी 1982 ची. मुंबईकर मंडळींच्या सरावाच्या जागा पाहिल्या तर त्यांचा नकाशा रेल्वेच्या नकाशावर बेमालूम बसतो: बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, मुंब्र्याच्या डोंगरातले कातळ, बेलापूरचे दगड. खंडाळ्याची नागफणी, म्हणजे ड्यूक्स नोज, तर घाटातल्या गाडीच्या खिडकीतूनच दिसते. शुक्रवारी कामावरून सुटायचे, रात्री उशिराची कसारा लोकल पकडायची, सॅक पायाशी आणि दोराचे भेंडोळे मांडीवर घेऊन दाराजवळ बसायचे, कसाऱ्याच्या फलाटावर वर्तमानपत्र अंथरून दोन-तीन तास पडायचे आणि पहाटेच्या जीपने रतनवाडी किंवा बारी गाठायची, या वाटेने गिर्यारोहकांच्या कैक पिढ्या गेल्या. गिरणीतला, बँकेतला आणि कॉलेजातला एकाच दोराला बांधला गेला, कारण तिघांनाही तिकीट परवडत होते. ज्याच्यावर जीव टाकायचा तो माणूस कसा आहे हे कड्याखाली पोचेपर्यंत गाडीतच कळलेले असे.

त्या तिकिटाचा खरा खर्च कोणी दिला, हा वादाचा मुद्दा, आणि महोदय इथे नेहमी जिंकतात. रेल्वेने काही वर्षांपूर्वी तिकिटांवर छापायला सुरुवात केली की प्रवासाच्या सरासरी खर्चापैकी फक्त 57 टक्के भाड्यातून वसूल होतात. उरलेला भार मालवाहतूक उचलते. मालवाहतुकीच्या उत्पन्नात निम्म्याच्या आसपास वाटा कोळशाचा. आता बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळीचे औष्णिक वीज केंद्र 1971 पासून आहे, आणि त्याचा कोळसा रेल्वेने येतो. त्या कोळशाचे चढे भाडे विजेच्या दरात उतरते आणि वीजबिल कड्याच्या शेतकऱ्यालाही येते. म्हणजे जिल्ह्याच्या बहुतेक भागात प्रवासी गाडी नसतानाही बीडचा माणूस मुंबईच्या लोकलचे आणि कसाऱ्याला निघालेल्या गिर्यारोहकाचे बिले देत होता. मान वर करून, फोटोत कुठेही न येता. त्याची पाळी आली तेव्हा त्याला सांगण्यात आले की त्याच्या मार्गाचा दर बसत नाही.

मुंबईच्या लोकलसाठी राज्य आणि रेल्वे यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलण्याची पद्धत मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुळली. त्यावर फारसे कोणी डोळे वटारले नाहीत. कोकण रेल्वेत केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी 6 असे भांडवल घातले गेले आणि बाकीचा पैसा रोख्यांतून उभा राहिला. 1998 साली ती पूर्ण झाली आणि आज तिच्याशिवाय गणपतीचे गाव कोणी कल्पू शकत नाही. रस्त्यांच्या बाबतीत तर परतावा दरांना सहसा बोलावणेच जात नाही. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला सुमारे 55 हजार कोटी लागले, तरी गाव सोडून जाणाऱ्या फाट्यावर उभे राहून ‘तुझा दर किती’ असे कोणी विचारले नाही. विचारू नये असेही म्हणणे नाही. दोघांनाही एकाच फूटपट्टीने मोजावे, एवढीच अपेक्षा आहे.

परदेशातला दाखला हवा असल्यास ब्रिटनचा आहे. 1963 साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांनी महोदयांच्याच पद्धतीने हिशेब मांडला आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. फाट्यावरचे छोटे मार्ग तोट्यात होते, हे खरेच होते. फाटे तोडल्यावर त्यांच्यावरून मुख्य मार्गाला येणारे प्रवासी गाडी सोडून मोटारीत बसले, आणि अपेक्षेइतकी बचत झालीच नाही. त्यातले काही मार्ग अलीकडे पुन्हा टाकावे लागले. फाट्याच्या तिकिटावर मुख्य मार्गाचे उत्पन्न दिसत नाही, हे लक्षात यायला तिथे अर्धे शतक लागले.

महोदयांच्या बाजूने जे खरे आहे तेही नोंदवले पाहिजे. पैसा जनतेचा आहे, आणि उद्घाटनाच्या मांडवाला टक्के विचारणारा कोणी तरी असलाच पाहिजे. तसा नसता तर प्रत्येक तालुक्याला स्थानक आणि एकाही स्थानकाला गाडी नाही अशी अवस्था झाली असती. दिवसाला एकच फेरी, तीही भलत्या वेळी, हा तोटा महोदयांनी केलेला नाही. तो वेळापत्रक लावणाऱ्याचा आहे. फलाट, पूल, रूळ यांवर हजारो कोटी खर्चून शेवटी सकाळी जाणारी आणि संध्याकाळी येणारी गाडी देण्यात हात आखडणे, हा बोल्ट मारून दोर न ओवण्याचा प्रकार आहे.

कड्याहून कोणती माणसे कुठे जातात, हेही एकदा मोजावे. कांद्याच्या हंगामात बाजार समितीत गाड्या लागतात. दवाखाना, कोर्ट आणि कॉलेज यांसाठी लोक नगरला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पोराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्रात निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा प्रवास एकाही तिकिटावर नोंदलेला नाही. परताव्याच्या तक्त्यात त्यामुळे तो शून्य भरला जातो.

सबब, विनंती करण्यात येते की:

नगर–बीड मार्गावर सकाळी कड्याहून नगरला आणि संध्याकाळी नगरहून कड्याला अशी फेरी किमान दोन वर्षे नियमित चालवून मगच दर काढावा. बीड ते परळी हा उरलेला टप्पा जितका लांबेल, तितकी वाढीव किंमत लांबवणाऱ्याच्या खाती टाकावी, मार्गाच्या नव्हे. राज्याचा आणि केंद्राचा हप्ता एकाच तारखेला जमा व्हावा. आणि तक्त्यात ‘खाली उभे राहून दोर धरला’ असा एक रकाना उघडून त्यात 1971 पासून बीड जिल्ह्याची थकबाकी मांडावी.

कळावे,

कडा स्थानकाच्या फलाटाकरिता

प्रत माहितीस्तव: वेळापत्रक विभाग (ही प्रत सकाळच्या गाडीने पाठवण्याचा विचार होता, तशी गाडी नसल्याने एसटीने रवाना)