मामाची दुसरी सवत

कोळ्याच्या घरात भिंतीवर एकवीरा आई असते. आमच्या मामाकडे आईच्या खाली ठासणीची बंदूकही होती. कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाळी टांगायला जागा मिळत नाही, तिथं ही लांबलचक नळी म्हणजे मामीच्या लेखी दुसरी सवत. पहिली त्याची होडी.

हे खूळ त्याला फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानानं लावलं. आज ते दुकान नाही. ससून डॉकवर मासळी उतरवली की मामा शर्ट बदलून तिथं जायचा. वास जायचा नाही, म्हणून मालक त्याला पंख्याच्या पलीकडे उभा करी. मग तोड्याची, चकमकीची, दुनळी अशी एकेक कपाटातून काढून, जणू स्थळ दाखवतोय अशा थाटात तिचं घराणं सांगे. त्याच्याही आधी काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं. 1891 पासून ते साहेबाला शिकारीच्या बंदुका पुरवी. व्हाइसरॉय लिटनच्या 1878 च्या शस्त्र कायद्यात परवाना आपल्याला, सूट गोऱ्यांना. त्या इमारतीत पुढे कपडे मिळू लागले. कुडत्याला परवाना लागत नाही, एवढी प्रगती झाली.

दुकान बंद करताना मालकानं ही ठासणीची मामाच्या गळ्यात मारली. खाऱ्या वाऱ्यानं ती गंजू नये म्हणून मामा तिला खोबरेल चोळी. मामीच्या केसांना उरत नसे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपला जुन्या वस्तूंचा अख्खा संग्रह 1975 साली सरकारला देऊन टाकला, हे कळल्यावर मामीला त्या गृहस्थांबद्दल फार आदर वाटू लागला.

2008 च्या नोव्हेंबरात आमच्याच किनाऱ्यावर ते दहा दहशतवादी उतरले. त्यानंतर वस्तीत बंदुकीचं कौतुक कुणाला उरलं नाही. मामा स्वतःच बंदूक आणि मामीला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात जुन्या घडणीच्या, दुरुस्त करूनही न उडणाऱ्या हत्याराला सूट आहे. म्हणजे आपली वस्तू कुचकामी आहे हे मालकानंच पटवून द्यायचं! साहेबांनी नळीत डोकावलं, घोडा ओढून पाहिला. तो हलेना.

"हिच्यानं उंदीरही मरायचा नाही."

काम झालं होतं. पण मामाच्या जिव्हारी लागलं. "साहेब, हिनं वाघ मारलाय!"

मामीनं चिमटा काढला. साहेबांनी काढलेला चष्मा पुन्हा चढवला. "कधी?"

"म्हणजे... माझ्या आधी."

मामीचा भाऊ कोकणात असतो. त्याची बंदूक मात्र उडणारी, परवान्याची, माकडं हाकायला. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा होते. आचारसंहिता माकडांना लागू नाही, त्यामुळे तेवढे दिवस बागेत त्यांचंच राज्य. हौशी लोकांचंही आता कठीणच आहे: 2019 च्या दुरुस्तीनंतर माणशी तीनऐवजी दोनच बंदुका.

तेव्हा वाचकहो, माळ्यावर आजोबांची ठासणीची सापडलीच, तर आधी पोलीस ठाण्यात कळवा, खोबरेल नंतर लावा. आणि तिथं वाघाचं नाव काढू नका.