ट्रे उघडा, ट्रे बंद

यंदाही खंडेनवमीला आमच्या मित्राने डीव्हीडी प्लेअरची पूजा केली. पाटावर कोयता, विळा, पान्हे, पक्कड, वहिनींची सुरी, पोराच्या कंपासपेटीतलं कर्कटक असं सगळं ओळीने मांडून झालं आणि मधोमध, लाल कापडावर, प्लेअर. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. रिमोटला वेगळं फूल. नारळ फोडताना पाणी आत जाऊ नये म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकला. कोयत्यावर नाही टाकला.

या प्लेअरमध्ये गेल्या कित्येक वर्षांत डिस्क गेलेली नाही.

हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. सावेडीत आहे, केडगावात आहे, भिंगारमध्ये तर एकाच गल्लीत दोन सापडतील. वय चाळिशीच्या उंबऱ्याशी, पोट उंबरा ओलांडून पुढे गेलेलं. लहानपणी त्याने ‘शक्तिमान’ पाहिला आणि आता त्या मालिकेचा ‘संपूर्ण संच’ येईल म्हणून तो थांबलाय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चारशेच्या वर भाग, क्रमाने, एका जाड खोक्यात, सोबत गुळगुळीत कागदाची पुस्तिका. आम्ही या जमातीला संचवाले म्हणतो. संचवाल्याला “अरे, फोनवर फुकट आहे की” असं म्हणू नका. सत्यनारायणाचा प्रसाद नको म्हणणाऱ्या पाहुण्याकडे यजमानीण बघते तसा तो बघतो. “फोनवर बघणं म्हणजे बघणं नाही, राव. संच येऊ दे.”

पण मला संचाबद्दल नाही, ट्रेबद्दल बोलायचंय.

दर महिन्याच्या एक तारखेला संचवाला ट्रे उघडतो. मशीन बसून राहिलं की जाम होतं, हे त्याला कुणीतरी सांगितलंय. बटण दाबलं की प्लेअर आधी आतल्या आत खाकरतो, मग सावकाश जीभ बाहेर काढतो. संचवाला टॉर्च लावून घशात बघतो, फुंकर मारतो, चष्म्याच्या कापडाने जीभ पुसतो आणि बंद करतो. असं सहा वेळा. सातव्यांदा नाही, कारण पट्टा झिजतो. घरात या वेळी कुणी मोठ्याने बोलायचं नाही. एकदा ट्रे बाहेर असतानाच दारात पाहुणे आले आणि वहिनींनी घाईत त्याच्यावर चहाची बशी ठेवली. नेमकी मावली. धाकट्याने तर एका दिवाळीत ट्रेवर शंकरपाळं ठेवून बटण दाबलं. प्लेअरने ते आत घेतलं आणि पाच मिनिटं इमानेइतबारे वाचायचा प्रयत्न केला. घरघर, थांबा, पुन्हा घरघर. त्या घरात एवढ्या वर्षांत प्लेअरला मिळालेलं पहिलं काम होतं ते. पोराला रागवायला उठलेला बाप मध्येच थांबला, कान देऊन ऐकू लागला आणि म्हणाला, “मोटर चांगलीय अजून.”

वॉरंटी कार्डही आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावर गावाचं नाव अहमदनगर. २०२४ मध्ये ते अहिल्यानगर झालं. दुकान त्याच्या आधीच बंद पडलेलं. शिक्का मात्र ठळक आहे.

आता हा माणूस मुळात असा का, तर त्याचं गाव संगमनेर तालुक्याच्या जिरायत टापूतलं. ‘शक्तिमान’ सुरू झाला १३ सप्टेंबर १९९७ ला. शनिवार होता. शनिवारी शाळा सकाळची, म्हणजे घंटा झाली की दप्तर पाठीवर आपटत ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओट्यावर हजर. पुढे मालिका रविवारी आली, दुपारी बाराला. पाचशे पावलांवरून पोरं पळत यायची, ज्येष्ठ मंडळी पलंगावर, आम्ही जमिनीवर, आणि फोटोग्राफर गंगाधर दात पुढे काढून बावळटासारखा हसायचा. इथवर सगळं ठीक. मग संकट यायचं. गंगाधर आडोशाला जायचा, शक्तिमान होऊन गरगर फिरायला लागायचा आणि त्याच क्षणी आमचा पंखा फिरायचा थांबायचा. लाईट गेली. तो तमराज किल्विष अंधार कायम राहो असं म्हणायचा ना, त्याचं आमच्या गावात ताबडतोब ऐकलं जायचं. देशात दुसरीकडे कुठे एवढा आज्ञाधारक तालुका नसेल. डीपीवर फ्यूज गेलेला असायचा आणि वायरमन शेजारच्या गावात लग्नाला. तो येऊन, जेवून, खांबावर चढेपर्यंत पडद्यावर शेतीचा कार्यक्रम लागलेला असायचा.

त्यामुळे संचवाल्याच्या आयुष्यात पूर्वार्धच आहेत. पोरगं गच्चीवरून पडायला आलंय, त्याचं काय झालं माहीत नाही. बस दरीच्या कडेला लोंबकळतेय, अजून लोंबकळतेय. त्याच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, तिच्यात अशा सगळ्या अर्धवट भागांची यादी आहे आणि शेवटच्या रकान्यात ‘लाईट गेली’, ‘लाईट गेली’, ‘मामा आले’, ‘लाईट गेली’. २००५ मध्ये मालिका संपली, रकाना तसाच राहिला. २०२० च्या टाळेबंदीत ती टीव्हीवर पुन्हा लागली. घरात लाईट होती, सुट्टी होती, वाहिनी फुकट होती. संचवाल्याने काय केलं? लोकांचा प्रतिसाद बघून आता संच नक्की काढणार, म्हणून प्लेअर उघडून आतली धूळ झाडत बसला.

मी हसलो होतो तेव्हा. आता तेवढं हसू येत नाही. एकदा माझ्या आग्रहाने त्याने फोनवर बघायला घेतलं. वहीतला सदतिसावा पूर्वार्ध. बस दरीत जाणार, शक्तिमान आकाशात निघालेला, संचवाला पंचवीस वर्षांनी पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसलेला, आणि मध्येच एक गुळगुळीत गालांचा इसम उपटला आणि केस उगवायचं तेल विकायला लागला. पूर्वी लाईट जायची, पण जाताना निदान काही विकून जात नव्हती! बरं, जाहिराती नकोत तर महिन्याचं भाडं भरा. भाडं भरा आणि एका सकाळी बघा, तुमचा सिनेमा यादीतून गायब. भाडेकरूला नोटीस तरी देतात. इथे कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही, वर आपणच मूर्ख, कारण आपल्याला ‘मालकी’ नावाची जुनाट गोष्ट हवी. जो देश आपला पहिला बोलपट सांभाळू शकला नाही, १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत ज्याच्याकडे उरलेली नाही, त्या देशातल्या माणसाने एखादी गोष्ट खोक्यात घालून आपल्या कपाटात ठेवावीशी वाटते म्हटलं तर त्याला वेडा ठरवायचं? असो. रक्तदाब वाढतो.

संचवाल्याला धीर देणारी एकच कथा आहे आणि ती तो दर भेटीत सांगतो. अमेरिकेत १९६६ ते १९६८ या काळात ‘बॅटमॅन’ची मालिका चालली. तीन हंगाम, १२० भाग. तिच्या डिस्क बाजारात कधी आल्या? नोव्हेंबर २०१४ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षं! कारण विचाराल तर तुम्हाला लगेच कळेल, कारण तुम्ही नगर जिल्ह्यातले आहात. मालिका बनवली एकाने, वटवाघूळ दुसऱ्याच्या मालकीचं. म्हणजे सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची, बांधावरचं लिंबाचं झाड तिसऱ्याच्या आज्याने लावलेलं आणि विहिरीत चौथ्याचा चार आणे हिस्सा. दोघेही शहाणे, दोघांकडेही वकील, आणि मधल्या काळात बघणाऱ्यांचे केस पांढरे. आपल्याकडे अशा वेळी मोजणी आणतात. मोजणीवाला येतो, खुंटी ठोकतो, जेवतो, जातो, आणि रात्रीतून खुंटी चार हात सरकते. अमेरिकेत वटवाघूळ चार हात सरकवता येत नसावं, म्हणून वेळ लागला. पण सुटलं. फेरफार झाला, नोंद लागली, डिस्क आल्या. “अठ्ठेचाळीस वर्षं,” संचवाला म्हणतो, “त्या मानाने आपली सुरुवात आहे.”

हे ऐकून त्याचे वडील पलंगावरून हसतात. वडिलांना थांबण्यातलं कळतं. निळवंडे धरणाची कल्पना १९७० ची. तेव्हा वडील नुकते मिसरूड फुटलेले, आणि पाणी येणार म्हणून त्यांच्या वडिलांनी बांधावर बसून कुठे ऊस, कुठे घास असं बोटाने दाखवलेलं. डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ३१ मे २०२३ ला. खर्च तोवर पाच हजार कोटींच्या वर. बोट दाखवणारा माणूस कधीच गेला. वडील काठी टेकत कालव्यावर गेले, ओंजळ भरून घेतली, पायावर सोडली आणि घरी येऊन मुलाला म्हणाले, “बाळ्या, पाणी आलं का नाही? मग तुझंपण येईल.” हिशोब केलात तर वटवाघूळ आपल्या कालव्याच्या पुढे पाचेक वर्षांनी पोचलं. त्याला पंख होते.

आता एकट्याने थांबण्यात नगरकराचं मन रमत नाही. मागच्या उन्हाळ्यात माळीवाड्यात चहाच्या टपरीवर पाच संचवाले जमले. आपल्याकडे पाच माणसं चहाला जमली की दोन गोष्टी होतात: बिलावरून वाद आणि संस्थेची स्थापना. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार असे चौघे झाले, पाचवा सभासद. सभासदाने भाग भांडवलाचे शंभर रुपये दिले आणि दुसऱ्याच बैठकीत त्यांचा हिशोब मागितला, तेव्हा त्याच्यावर अविश्वास ठराव आणावा लागला. सभासदावर अविश्वास आणता येतो का, याची उपविधीत तरतूद शोधण्यात पावसाळा गेला. मग मुख्य विषय आला: संच आला तर ठेवायचा कुणाकडे? उत्तरेचे म्हणाले, उत्तरेला. दक्षिणेचे उसळले, सगळं उत्तरेलाच, पाणी तिकडं, ऊस तिकडं, आता शक्तिमान पण तिकडं? चौदा तालुक्यांचा जिल्हा, सगळीकडे फिरता ठेवावा अशी सूचना आली, पण फिरता म्हणजे अकोल्याहून निघालेलं खोकं जामखेडला पोचेपर्यंत पुस्तिका शिल्लक राहील याची हमी कोण देणार? शेवटी तोड निघाली. सम क्रमांकाचे भाग उत्तरेला, विषम क्रमांकाचे दक्षिणेला. टाळ्या. जिल्ह्याचं विभाजन राहिलं ते राहिलं, न आलेल्या संचाचं मात्र एकमताने झालं. उत्तर विभागाचं मुख्यालय कुठे, यावर बैठक तहकूब झाली, ती आजतागायत.

म्हणजे पुन्हा अर्धंच बघायचं, हे त्या पाचांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मी सांगितलंही नाही. माझ्या चहाचं बिल खजिनदाराने दिलं होतं.

एवढं सगळं लिहायचं कारण पूजेनंतर घडलं. आरती झाली, संचवाल्याने नमस्कार केला आणि प्रथेप्रमाणे बटण दाबलं. प्लेअर खाकरला. ट्रे बोटभर बाहेर आला, थांबला, थरथरला आणि परत आत गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा बोटभर. घरात कुणी बोललं नाही. वडीलही पलंगावर उठून बसले. पोराने हळूच विचारलं, “पप्पा, त्याला भूक नाहीये का?” संचवाल्याने स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत बघितलं. ट्रे ओढणारा रबरी पट्टा ढिला पडून तुटायला आलाय. कापडबाजारापासून दिल्लीगेटपर्यंत सगळी दुकानं पालथी घालून झाली. एका दुकानदाराने तर प्लेअर उलटासुलटा करून विचारलं, “यात सिम कुठं बसतं?”

पट्टा काळा, गोल, बांगडीपेक्षा बराच लहान, जुन्या टेपरेकॉर्डरलाही असायचा तसा. कुणाच्या माळ्यावर बंद पडलेला प्लेअर असेल तर झाकण उघडून बघा, आणि पट्टा धड असेल तर या सदराच्या पत्त्यावर पाठवा. टपालखर्च आम्ही देऊ. डिस्कचं आमचं आम्ही बघतो.